गळ्यातला पट्टा आणि हातातली दोरी

सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास मुंबईत शिवाजी पार्कभोवती किंवा पुण्यात वेताळ टेकडीच्या पायथ्याशी थोडा वेळ उभे राहिले, तर एक दृश्य हमखास नजरेस पडते. पुढे जीभ बाहेर काढून, घशातून खरखर आवाज करीत ओढत निघालेला कुत्रा आणि मागे दोन्ही हातांनी साखळी आवळून जवळजवळ पळत असलेला त्याचा मालक. कोण कोणाला फिरायला नेत आहे, हा विनोद आता जुना झाला. त्या खरखरीत मात्र विनोद नाही. गळपट्टा श्वासनलिकेवर रुतल्याचा तो आवाज असतो आणि रोज सकाळ-संध्याकाळ ऐकून मालकाच्या कानांना त्याची सवय झालेली असते.

या ओढाओढीवरचा उपाय बहुतेक घरांत दुकानात शोधला जातो. साध्या पट्ट्याने कुत्रा आवरत नाही म्हणून चोक चेन येते. तिनेही भागले नाही तर आतल्या बाजूने बोथट काटे असलेला लोखंडी पट्टा सुचवला जातो आणि आता तर रिमोटचे बटण दाबताच विजेचा झटका देणारा पट्टाही घरबसल्या मागवता येतो. प्रत्येक पायरीवर वेदना वाढत जाते. माणसाच्या बरोबरीने कसे चालायचे, हे मात्र कुत्र्याला कोणीच शिकवलेले नसते. पट्टा आणि दोरी यांचे काम कुत्र्याला वाहनाखाली जाण्यापासून, हरवण्यापासून आणि कोणाच्या अंगावर जाण्यापासून रोखणे हे आहे. शिकवण्याचे काम माणसाचे आहे. ही दोन कामे एकमेकांत मिसळली, की मानेला इजा होते.

कुत्रा ओढतो का?

पहिले कारण अगदी साधे आहे. माणसाची चाल कुत्र्याच्या मानाने संथ असते. मध्यम आकाराच्या निरोगी कुत्र्याची स्वाभाविक चाल म्हणजे दुडकी, आणि ती माणसाच्या शतपावलीपेक्षा बरीच वेगवान असते. त्यातच दिवसभर दोन खोल्यांच्या सदनिकेत काढलेल्या प्राण्यापुढे रस्ता, गंध, मांजरे, कोपऱ्यावरची टपरी हे सारे एकदम उघडले जाते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ओढल्याने काम होते, हे कुत्र्याला मालकानेच शिकवलेले असते. विजेच्या खांबाकडे त्याने ओढ घेतली, मालक चार पावले फरफटत गेला आणि खांब मिळाला. ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती पुन्हा केली जाते, हा परिणामाचा नियम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच मांडला होता. पुढे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. फळ दर वेळी न मिळता अधूनमधून मिळाले, तर ती सवय अधिक चिवट होते. सोमवारी ओढू न देणारा आणि मंगळवारी कार्यालयात जायची घाई म्हणून ओढू देणारा मालक नेमके हेच करीत असतो.

तिसरे कारण लोक सांगतात. पण ते खरे नाही. कुत्रा पुढे चालला म्हणजे तो स्वतःला कळपाचा म्होरक्या समजतो, म्हणून त्याला ‘जागा दाखवून’ द्यायला हवी, हा समज आजही अनेक प्रशिक्षकांच्या तोंडी असतो. त्याचे मूळ लांडग्यांवरील अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बासेलच्या प्राणिसंग्रहालयातील बंदिस्त लांडग्यांची निरीक्षणे १९४७ मध्ये प्रसिद्ध केली. एकमेकांना अनोळखी असलेली जनावरे एका कुंपणात कोंडल्यावर त्यांच्यात जी मारामारी होते, ती त्यात नोंदली गेली होती. अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या लांडग्यांवरील ग्रंथाने ही कल्पना जगभर पोचवली. त्याच मेक यांनी पुढे कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समीर बेटावर मुक्त लांडग्यांचा अनेक उन्हाळे अभ्यास केला. तेथील कळप म्हणजे बहुतांशी आई-वडील आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते. सत्तेसाठी झगडून कोणी म्होरक्या होत नाही, असे त्यांनी १९९९ मध्ये लिहिले. आपल्या जुन्या ग्रंथाचे पुनर्मुद्रण थांबवावे म्हणून त्यांनी प्रकाशकाकडे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २०२२ मध्ये ते अखेर थांबले. संशोधकाने स्वतः मागे घेतलेली कल्पना बागेतल्या गप्पांत मात्र अजून टिकून आहे.

मान ही मूठ नव्हे

कुत्र्याची मान दणकट असते, तिला काही होत नाही, असे सर्रास म्हटले जाते. जाड केसांमुळे ती दणकट दिसते खरी. पण कुत्र्याच्या बाह्यत्वचेचे थर माणसाच्या त्वचेपेक्षा कमी असतात. त्याखाली स्वरयंत्र, कूर्चेच्या अर्धवट कड्यांनी उघडी राहिलेली श्वासनलिका, थायरॉइड ग्रंथी, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या व तेथून परत आणणाऱ्या वाहिन्या, मज्जारज्जू आणि सात मणके हे सारे दाटीवाटीने बसलेले असते. अवयवांची रचना माणसाच्या गळ्याहून फारशी वेगळी नाही.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६ कुत्र्यांच्या डोळ्यांतील दाब मोजण्यात आला. गळपट्ट्यावर ओढ पडताच डोळ्यांतील दाब लक्षणीय वाढला. छातीभोवती बांधायच्या हार्नेसवर ओढ पडली तेव्हा तो तसा वाढला नाही. काचबिंदू किंवा बुबुळाचे विकार असलेल्या कुत्र्यांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. २०२० मध्ये ब्रिटनमधील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी कृत्रिम मानेवर निरनिराळे पट्टे चढवून दाब मोजला. रुंद, मऊ अस्तराचे पट्टेही त्यात होते. जोरात ओढले असता मानेला इजा होण्याचा धोका टळेल इतका कमी दाब त्यांपैकी एकाही पट्ट्याने दिला नाही. सतत ओढणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ‘चांगला गळपट्टा कोणता’ हा प्रश्नच यामुळे गैरलागू ठरतो.

काही जातींना हा धोका अधिक असतो. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधील टफीच्या काळात मराठी घरांत ‘पॉमेरेनियन’ म्हणून आलेले पांढरेशुभ्र कुत्रे वस्तुतः बहुधा इंडियन स्पिट्झ होते. खऱ्या पॉमेरेनियनमध्ये आणि इतर चिमुकल्या जातींमध्ये श्वासनलिकेची कूर्चा कमकुवत होऊन नळी चपटी होण्याचा विकार आढळतो. अशा कुत्र्याला हंसाच्या ओरडण्यासारखा कोरडा, ठणठणीत खोकला येतो. तो ऐकू आल्यास गळ्यातील पट्टा काढून पशुवैद्याकडे जावे. २००३ मध्ये ‘हच’च्या जाहिरातीमुळे घराघरांत पोचलेल्या पगची गोष्ट वेगळीच. आखूड नाकामुळे त्याला श्वास घेणे मुळातच कष्टाचे असते आणि उथळ खोबणीतले त्याचे मोठे डोळे मानेवरच्या जोराच्या दाबाने बाहेर येऊ शकतात. पग, शिह-त्झू, फ्रेंच बुलडॉग यांच्या गळ्याला दोरी अडकवूच नये.

वेदनेचे पट्टे

चोक चेन म्हणजे दोन टोकांना कडी असलेली साखळी. तिचा फास होतो आणि दोरी ओढली की तो आवळतो. मूळ पद्धतीनुसार तिला क्षणभर झटका देऊन लगेच सैल सोडायचे असते. त्यासाठी ती विशिष्ट बाजूनेच घालावी लागते. डावीकडे चालणाऱ्या कुत्र्याला समोरून घालताना तिचा आकार इंग्रजी ‘पी’ अक्षरासारखा दिसला पाहिजे. उलटी घातली तर आवळलेला फास आपोआप सैल होत नाही. दुकानदार हे क्वचितच सांगतो. प्रत्यक्षात ही साखळी चोवीस तास गळ्यात राहते, खिडकीच्या गजाला बांधली जाते आणि तिच्यावर कुत्रा दिवसभर लटकत राहतो. थांबण्याचे बंधन नसल्याने तिचा फास किती आवळावा याला मर्यादा नाही. २०१३ मध्ये एका पशुवैद्यकीय नियतकालिकात जर्मन शेफर्ड जातीच्या एका तरुण कुत्र्याची नोंद प्रसिद्ध झाली. शिक्षा म्हणून चोक चेनने उचलून धरल्यामुळे त्याच्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि मेंदूला गंभीर इजा झाली. प्रसंग टोकाचा असला, तरी ते साधन हेच करण्यासाठी घडवलेले आहे.

काटेरी पट्ट्याचे समर्थक म्हणतात, की तो दाब सर्वत्र सारखा वाटतो. दाब वाटला जातो हे खरे. पण तो टोकांवर वाटला जातो. विजेच्या पट्ट्याचे समर्थक त्याला ‘सौम्य गुदगुली’ म्हणतात. गुदगुलीने कोणता प्राणी आपली सवय सोडेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. झटका त्रासदायक नसेल तर त्याचा उपयोग नाही, आणि उपयोग होत असेल तर तो त्रासदायकच असला पाहिजे.

या परंपरेला इतिहास आहे. जर्मनीतील कोनराड मोस्ट यांचे पोलीस व लष्करी कुत्र्यांच्या प्रशिक्षणावरील पुस्तक १९१० मध्ये निघाले. सक्ती हा त्याचा पाया होता. अमेरिकेत विल्यम कोहलर यांच्या १९६२ सालच्या पुस्तकाने तीच पद्धत घरगुती कुत्र्यांपर्यंत आणली, तर १९८० मध्ये बीबीसीवरील कार्यक्रमातून बार्बरा वुडहाउस यांनी चोक चेनला घरोघरी मान्यता मिळवून दिली. भारतातील शहरी प्रशिक्षणावर लष्करी शिस्तीची छाप दीर्घकाळ राहिली. ‘हील’, ‘सिट’, ‘स्टे’ हे इंग्रजी हुकूम आजही खड्या आवाजात दिले जातात.

शिक्षेने काम होतच नाही, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. झटका बसताच कुत्रा मागे येतो. मालकाला तत्काळ फळ मिळते आणि थॉर्नडाइकच्या त्याच नियमाने झटका देण्याची सवय मालकाला जडते. किंमत नंतर कळते. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२० मध्ये सात प्रशिक्षण शाळांतील ९२ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दरडावणी व झटक्यांवर आधारलेल्या शाळांतील कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे अधिक दिसली, प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल अधिक वाढले आणि प्रशिक्षणाबाहेरच्या चाचणीतही ते अधिक निराशावादी ठरले. त्याच वर्षी ब्रिटनमधील लिंकन विद्यापीठाने ६३ कुत्र्यांवरील अभ्यासातून दाखवले, की बोलावल्यावर परत येणे यासारख्या गोष्टी शिकवण्यातही विजेचा पट्टा बक्षिसाच्या पद्धतीपेक्षा सरस ठरत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २००९ मध्ये वर्तनसमस्या घेऊन आलेल्या १४० श्वानपालकांना विचारले होते. कुत्र्याला मारणाऱ्या वा लाथाडणाऱ्यांपैकी ४३ टक्के आणि त्याला उलथे पाडून दाबून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्के मालकांनी कुत्रा त्यामुळे आक्रमक झाल्याचे सांगितले.

वेल्सने २०१० मध्ये विजेच्या पट्ट्यांवर बंदी घातली. जर्मनीत २०२२ पासून प्रशिक्षणात काटेरी पट्टा वापरता येत नाही आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यानेही त्यावर बंदी आणली.

मग घ्यावे काय?

घरातल्या बहुतेक कुत्र्यांना दोन वस्तू लागतात : नाव-पत्त्यासाठी गळ्यात साधा, सपाट, बकलाचा पट्टा आणि दोरी अडकवण्यासाठी छातीचा हार्नेस. पट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला आणि महापालिकेच्या परवान्याचा बिल्ला असावा. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने बिथरून पळालेला कुत्रा घरी परतण्याची शक्यता या दोन तुकड्यांवर अवलंबून असते. पट्टा व मान यांच्यामध्ये दोन बोटे सहज सरकावीत. पिल्लाच्या बाबतीत हे दर आठवड्याला तपासावे, कारण मान वाढते आणि पट्टा वाढत नाही. सोसायटीतल्या भटक्या पिल्लाला प्रेमाने दोरीचा किंवा प्लॅस्टिकचा पट्टा बांधून विसरून जाणारे लोक त्याला नकळत मोठी शिक्षा देतात. काही महिन्यांत तो पट्टा मांसात रुततो आणि पावसाळ्यात त्या जखमेत अळ्या पडतात. बांधणाऱ्याने तो सैल करण्याची जबाबदारीही घ्यावी, नाहीतर बांधू नये.

हार्नेसविषयी एक जुनी तक्रार आहे, की त्याने कुत्रा अधिकच ओढतो. बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना हार्नेसच घालतात, हे तिचे मूळ. हार्नेस ओढायला शिकवत नाही, पण ओढणे सुखाचे करतो हे मान्य केले पाहिजे. यासाठी दोरीची कडी पाठीऐवजी छातीवर असलेला प्रकार उपयोगी पडतो. कुत्र्याने ओढ घेतली की त्याचे अंग आपोआप मालकाकडे वळते. वेदना होत नाही, पण ओढण्यातली मजा जाते. हार्नेस समोरून पाहता इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असावा, म्हणजे पट्टी छातीच्या हाडावर बसते. खांद्यांवरून आडवी जाणारी पट्टी पुढच्या पायांची चाल अडवते. काखेत पट्टी घासत नाही ना, हे पावसाळ्यात विशेष पाहावे. ओला पट्टा आणि मीठकट चिखल यांनी दोन दिवसांत पुरळ उठते. चामडे या दिवसांत बुरसते, नायलॉन वाळते लवकर. घरी आल्यावर हार्नेस काढून ठेवावा.

करवानी आणि मुधोळ या दख्खनच्या शिकारी जातींना मात्र वेगळा विचार लागतो. २००५ साली टपाल खात्याने देशी श्वानांवर काढलेल्या तिकिटांत मुधोळ हाउंडला स्थान मिळाले आणि शहरांतही हे कुत्रे दिसू लागले. त्यांचे डोके निमुळते आणि मान लांब व डोक्याहून जाड. भेदरलेला करवानी मागे सरकला, की साधा पट्टा कानांवरून अलगद निघून येतो आणि मग त्याला गाठणे माणसाच्या आवाक्यात राहत नाही. अशा कुत्र्यांसाठी मार्टिंगेल नावाचा कापडी पट्टा असतो. ओढ पडली की तो थोडा आवळतो; पण नीट मापाने घेतला तर मानेच्या घेरापलीकडे आवळू शकत नाही. चोक चेन आणि तो दिसायला सख्खे भाऊ वाटले, तरी ही मर्यादा हाच त्यांतला सारा फरक आहे. खोल छाती आणि बारीक कंबर असलेल्या या कुत्र्यांना पोटाकडे तिसरी पट्टी असलेला हार्नेसही मिळतो.

साठ किलोंचा मालक आणि चाळीस किलोंचा रॉटवायलर अशी जोडी असेल तर शिकवणे पूर्ण होईपर्यंत काहीतरी आधार हवाच. गुरांच्या म्होरकीसारखा तोंडाभोवती बसणारा ‘हेड हॉल्टर’ त्यासाठी बनवला गेला. डोके जिकडे वळेल तिकडे अंग वळते, या साध्या तत्त्वावर तो चालतो. त्यात दोन पथ्ये आहेत. कुत्र्याला तो घालून घ्यायची आठवडाभर, खाऊ देत देत सवय करावी. नाहीतर तो पंजाने ओरबाडत बसतो. आणि त्याला झटका कधीही देऊ नये, कारण तो झटका थेट मानेच्या मणक्यांना बसतो. पगसारख्या चपट्या तोंडाला तो बसतच नाही.

दोरी पाच-सहा फूट लांबीची, हाताला न कापणारी असावी. डबीतून आपोआप सुटणारी आणि गुंडाळली जाणारी दोरी गर्दीच्या शहरात नको. तिच्यात नेहमीच थोडा ताण राहतो, म्हणजे ओढले की लांबी मिळते हाच धडा कुत्रा गिरवतो. शिवाय रिक्षा समोर आल्यावर वीस फुटांवरच्या कुत्र्याला कोण आवरणार? लोखंडी साखळीचे वजन लहान कुत्र्याच्या मानेवर विनाकारण पडते. मुसके लागलेच तर जाळीचे, तोंड उघडून धापा टाकता येतील असे घ्यावे. कुत्रा प्रामुख्याने धापा टाकूनच अंग गार ठेवतो. तोंड आवळून बांधणारे कापडी मुसके घालून एप्रिल-मेमध्ये त्याला चालवणे जीवघेणे ठरू शकते.

चालायला शिकवणे

सुरुवात रस्त्यावर करू नये. घरातल्या दिवाणखान्यात किंवा दुपारच्या रिकाम्या गच्चीवर, जेथे कुत्र्याला माणसाखेरीज दुसरे काही मनोरंजक नाही, तेथे करावी. फुटाण्याएवढे तुकडे जवळ ठेवावेत : उकडलेली कोंबडी, पनीर किंवा रोजच्या जेवणातलेच दाणे. बेदाणे, चॉकलेट आणि कांदा घातलेले काहीही देऊ नये. ते कुत्र्याला विषारी असते. दोरी न लावता दोन पावले चालावे. कुत्रा बाजूला आला की ‘शाबास’ म्हणावे आणि तुकडा आपल्या पायालगत, विजारीच्या शिवणीजवळ द्यावा. खाऊ कोठे मिळतो, ती जागा कुत्रा लक्षात ठेवतो. हात पुढे करून दिला, तर तो पुढेच चालायला शिकेल.

शब्द आणि तुकडा यांच्यातला क्रम महत्त्वाचा आहे. शब्द योग्य क्षणी, तुकडा त्यामागोमाग. काही प्रशिक्षक शब्दाऐवजी ‘टिक’ आवाज करणारी डबी, म्हणजे क्लिकर वापरतात. स्किनर यांचे विद्यार्थी केलर व मॅरियन ब्रेलंड यांनी ही कल्पना प्राण्यांच्या प्रशिक्षणात रुजवली. हवाईतील सागरी उद्यानात डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९८४ मधील आपल्या पुस्तकातून ती श्वानपालकांपर्यंत पोचवली. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी अडकवता येत नाही आणि रागावले तर तो खोल पाण्यात निघून जातो. त्यामुळे त्याला न दुखावता शिकवण्याखेरीज गत्यंतरच नव्हते.

खाऊ देणे ही लाच नव्हे काय, असा आक्षेप हमखास येतो. लाच कामाआधी दाखवली जाते, मजुरी काम झाल्यावर मिळते. तुकडा नाकासमोर नाचवत चालवले तर ती लाचच होते. म्हणून तुकडे खिशात राहावेत, आणि सवय रुजू लागल्यावर प्रत्येक पावलाऐवजी पाच, मग दहा, मग अनिश्चित पावलांनंतर मिळावेत.

घरात जमल्यावर जिना, मग सोसायटीचे आवार, मग रस्ता. प्रत्येक नव्या ठिकाणी धडा थोडा मागून सुरू करावा लागतो. नियम एकच : दोरी सैल असेल तर चालणे सुरू, दोरी ताणली की चालणे बंद. ताण पडताच मालकाने खांबासारखे थांबावे. ओरडू नये, मागे खेचू नये. कुत्रा वळून पाहील, अर्धे पाऊल मागे येईल, दोरीला झोळ पडेल. त्याच क्षणी ‘शाबास’ म्हणून पुढे निघावे. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत जायला वीस मिनिटे लागतात आणि शेजारी चौकशी करतात. घाईच्या वेळी हा अभ्यास करूच नये. त्या वेळी दुसरा हार्नेस किंवा पाठीवरची कडी वापरावी, म्हणजे ‘हा पोशाख अभ्यासाचा, तो मोकळिकीचा’ हा भेद कुत्र्यालाही कळतो आणि सोमवार-मंगळवारचा गोंधळ टळतो.

खाऊपेक्षा मोठे बक्षीस रस्त्यावर फुकट पडलेले असते, ते म्हणजे वास. कोपऱ्यावरचा खांब हे कुत्र्याचे वर्तमानपत्र आहे. काल कोण आले होते, नर की मादी, आजारी की धडधाकट, हे तो तेथे वाचतो. दहा पावले सैल दोरीने चालल्यावर ‘जा, हुंग’ म्हणून त्याला त्या खांबाकडे सोडावे. ज्यासाठी तो ओढत होता, तेच न ओढल्याबद्दल मिळू लागले की ओढण्याचे कारण उरत नाही. अर्ध्या तासाच्या फेरीत पाऊण किलोमीटरच चालून झाले, तरी भरपूर हुंगलेला कुत्रा घरी येऊन शांत झोपतो. उन्हाळ्यात डांबरावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद ठेवून पाहावी. सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही.

वाटेतले इतर कुत्रे

परदेशी पुस्तकांत न सापडणारा प्रश्न आपल्याकडे दर शंभर पावलांवर उभा राहतो. गल्लीतली चार कुत्री भुंकत येतात, घरचा कुत्रा उसळतो, मालक दोरी आवळतो. दोरी आवळली की कुत्र्याला पळण्याची वाट बंद होते आणि उभा, ताठ पवित्रा आपोआप येतो. समोरच्यांना तो आव्हानासारखा दिसतो. त्यातच चोक चेनचा झटका बसला, तर दुसरा कुत्रा दिसला की गळा दुखतो, अशी गाठ मनात पक्की होते. पाव्हलॉव्हच्या घंटेचाच हा दुसरा खेळ. बेशिस्त म्हणून ज्याला झटके मिळतात, तो कुत्रा पुष्कळदा घाबरलेला असतो आणि झटक्यांनी अधिक घाबरतो.

यावरचा उपाय अंतरात आहे. समोरचा कुत्रा दिसतो आहे, पण आपला अजून भुंकत नाही, इतके अंतर शोधावे, मग ते पन्नास पावलांचे का असेना. तेथे उभे राहून, त्याने कुत्र्याकडे पाहिले की एक तुकडा द्यावा. आठवड्या-आठवड्याने अंतर कमी होते. गल्लीतल्या ठरावीक कुत्र्यांची ओळख, त्यांच्या वेळा आणि त्यांना खाऊ घालणारी माणसे माहीत असणे हाही या अभ्यासाचाच भाग आहे. अंगावर येणाऱ्या कुत्र्यांपासून पळू नये. कुत्र्याला आपल्या मागे घेऊन वाकडी वाट धरून शांतपणे निघावे. मूठभर खाऊ त्यांच्या दिशेने जमिनीवर फेकला तर बहुतेक वेळा तेवढी उसंत मिळते. भांडण सोडवताना दात लागलाच, तर जखम पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी. चावणारा कुत्रा घरचा असला तरीही.

प्रशिक्षक आणि फिरवणारा मुलगा

अमुक पदवी असल्याशिवाय श्वानप्रशिक्षक म्हणवून घेता येणार नाही, असा नियम आपल्याकडे नाही. त्यामुळे निवड मालकालाच करावी लागते. कुत्र्याचे बरोबर आले तर तुम्ही काय करता आणि चुकले तर काय करता, एवढे दोन प्रश्न पुरेसे आहेत. उत्तरे गोलगोल आली, किंवा ‘आमच्याकडे महिनाभर ठेवा, सरळ करून देतो’ असे ऐकू आले, तर परत फिरावे. तेथून आलेला कुत्रा कधी कधी फार शांत असतो. १९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांच्या प्रयोगांत, काहीही केले तरी विजेचे झटके टळत नाहीत हे अनुभवलेले कुत्रे पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही जागचे हलले नव्हते. तीही शांतताच होती.

शहरांत अनेक कुत्र्यांना मालक फिरवतच नाहीत. ते काम सोसायटीतला एखादा मुलगा किंवा घरातला गडी करतो. घरच्यांनी महिनाभर सैल दोरीचे धडे द्यायचे आणि त्याने एका हातात तीन साखळ्या धरून कुत्र्यांना फरफटत न्यायचे, असे चालले तर सारे पाण्यात जाते. त्याला वेळ काढून शिकवावे, तुकड्यांची पिशवी द्यावी, घाई न करण्याचे वेगळे पैसे द्यावेत आणि अधूनमधून न सांगता पाहून यावे.

फिरवणे ही हौशीचीच बाब आहे, असा समज असलेल्यांसाठी कायद्यातली एक तरतूद नोंदवायला हवी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमानुसार, प्राण्याला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे ही क्रूरता आहे. त्याच कलमातले पुढचे उपकलम कुत्र्याचा नाव घेऊन उल्लेख करते : नेहमी साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे हिंडवण्याची टाळाटाळ करणारा मालकही तितकाच दोषी. त्या वेळी पहिल्या गुन्ह्याला लिहिला गेलेला दंड १० ते ५० रुपयांचा होता. चोक चेनची किंमत त्याहून कितीतरी अधिक असते.